उन्हाळ्यात रोजची जुनी गाडी : पेण-रोह्याच्या वाटेवरचा आढावा

जुनी छोटी मोटार हौसेपुरती ठेवावी की रोज चालवावी, हा वाद आपल्याकडे बराच जुना आहे. 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत रोज चालवणाऱ्यांच्या हातात हुकमाचा एक्का होता : "अहो, मुंबईत टॅक्सीवाले भर मे महिन्यात दिवसभर पद्मिनी चालवतात की!" शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. ती संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून नाहीशी झाली. आता हा प्रश्न खासगी मालकांचा उरला आहे. त्यांना युनियन नाही, रांगेत शेजारी उभा राहून पाना देणारा दुसरा टॅक्सीवाला नाही, आणि कुर्ल्याचा स्पेअर पार्टचा बाजारही हाकेच्या अंतरावर नाही.

हा आढावा पेण आणि रोहा या दोन तालुक्यांपुरता घेण्याचं कारण आहे. 'एमएच-06' ची पाटी पेणच्या परिवहन कार्यालयातून मिळते, म्हणजे जुन्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर याच दारात यावं लागतं. दुसरं कारण हवेचं. पेण खाडीकाठचं आणि मिठागरांचं, तर रोहा कुंडलिकेच्या खोऱ्यात थोडं आत. उन्हाळ्यात इथला पारा विदर्भासारखा रोज चढत नाही, पण घाम वाळत नाही. मार्चमध्ये कधी कधी घाटावरून पूर्वेचा कोरडा वारा उतरतो आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो, तेव्हा कोकणाचं सगळं गणित बिघडतं. कोलाडहून कुंडलिकेच्या काठाने वर गेलं की भिरा लागतं. तिथे 28 मार्च 2017 रोजी 46.5 अंशांची नोंद झाली. त्या आकड्यावर तेव्हा चर्चाही झाली, पण त्या आठवड्यात रायगड भाजून निघाला होता याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

गाड्या कुठल्या?

'जुनी छोटी गाडी' म्हटलं की आपल्याकडे दोनच घराणी समोर येतात. पहिलं फियाटचं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट 1100, नंतर तिचीच 'प्रेसिडेंट', आणि 1974 पासून 'पद्मिनी'. मूळ आराखडा 1953 च्या इटालियन 1100 चा, इंजिन 1089 सीसीचं, शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, गिअर स्टीअरिंगला, चारही चाकांना ड्रम ब्रेक. दुसरं घराणं मारुती 800 चं. 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या गाडीची किल्ली मालकाच्या हाती पडली, आणि जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबलं. तीन सिलिंडरचं 796 सीसीचं इंजिन, शक्ती जवळपास पद्मिनीएवढीच. पण पद्मिनी वजनाने नऊशे किलोच्या घरात, तर 800 साडेसहाशेच्या आसपास. स्टँडर्ड हेराल्ड, मॉरिस मायनर यांचे मालकही आहेत, पण ते रोज चालवण्याच्या वादात फारसे पडत नाहीत. सुटे भाग मिळवण्यातच त्यांचा जीव मेटाकुटीला येतो.

800 ला 'क्लासिक' म्हणावं का, यावर फियाटवाले नाक मुरडतात. माझ्या मते म्हणावं. 1980 च्या दशकातली पहिली बुटकी 800 आज चाळिशी ओलांडून बसली आहे, आणि कार्बोरेटरवाल्या 800 ला उन्हात जी दुखणी होतात ती थेट पद्मिनीच्याच जातीची आहेत. 2000 च्या सुमारास आलेली एमपीएफआयवाली, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेली 800 मात्र या वादात वेगळ्या पंगतीला बसते, ते पुढे येईलच.

ऊन नक्की कुठे लागतं?

या विषयावरची बरीच भांडणं 'गाडी गरम होते' या एका वाक्यावरून होतात. दोघं बोलत असतात वेगवेगळ्या गोष्टींबद्दल : एकाच्या गाडीचं पाणी उकळतं, दुसऱ्याचं पेट्रोल.

पाण्याचा प्रश्न सोपा आहे, कारण त्याचं उत्तर माहीत आहे. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर, म्हणजे इंजिनाच्या वेगावर फिरतो. पन्नास-साठच्या वेगाने गाडी चालू असेल तर समोरून येणारी हवाच रेडिएटरला पुरते; बाहेर 34 अंश आहेत की 38, याने फार फरक पडत नाही. खरी परीक्षा गाडी उभी राहिल्यावर. इंजिन मंद चालतं, पंखाही मंद, आणि पुढचा ट्रक आपली गरम हवा आपल्याच जाळीत सोडतो. पेणहून रोह्याला जायचं तर आधी वडखळ. तिथे अलिबागचा फाटा फुटतो आणि डोलवीच्या कारखान्याची अवजड वाहतूक मिसळते. पुढे नागोठणे. तिथून एक रस्ता भिसे खिंडीतून थेट रोह्याला उतरतो, दुसरा महामार्गानेच सुकेळी खिंड ओलांडून कोलाडला आणि तिथून उजवीकडे रोह्याला. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि पुढे किती वर्षं रखडलं हे इथल्या माणसाला सांगायला नको. या काळात जुन्या गाड्यांची जेवढी हेड गॅस्केट गेली असतील, त्यांतली निम्मी उन्हाच्या खात्यावर चुकीची मांडली गेली असावीत असा माझा तरी समज आहे. ती खोळंब्याच्या खात्यावर जायला हवीत.

उपायांबद्दल बहुतेकांचं एकमत आहे. रेडिएटर खोलून साफ करावा किंवा नवा गाभा घालावा, झाकणाचा रबर आणि स्प्रिंग तपासावी, बोअरचं जड पाणी न भरता कूलंट भरावं. मतभेद आहे तो थर्मोस्टॅटवर. जुने मिस्त्री तो सरळ काढून फेकतात. त्यांचं म्हणणं असं की हा अडकला की गाडी उकळलीच, मग आपल्या हवेत तो हवाच कशाला? दुसरी बाजू म्हणते, थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर पाण्याला अडवत नाही, त्यामुळे काढून उन्हाळ्यात काही मिळत नाही. उलट पावसाळ्यात आणि थंडीत इंजिन नेमक्या तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. मला दुसरी बाजू पटते. अडकणारा थर्मोस्टॅट बदलायचा असतो. पण रस्त्यात पोरंबाळं घेऊन उभं राहिलेल्या माणसाला मिस्त्रींचा उपायच जवळचा वाटतो, हेही खरं.

पेट्रोलचं दुखणं जास्त चकवणारं आहे. पेट्रोलमधले हलके घटक 35-40 अंशांपासूनच उकळू लागतात. पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक, थेट इंजिनाच्या अंगाला बसवलेला. गाडी धावत असते तोवर थंड पेट्रोल सतत येत राहतं. वडखळला वीस मिनिटं अडकलात, किंवा नागोठण्याला चहाला थांबून बॉनेट बंद ठेवलंत, की इंजिनातली सगळी उष्णता वर चढते आणि पंप व नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी बनवलेला. वाफ आली की तो नुसता हापसत राहतो. गाडी सेल्फ मारते, फुरफुरते, बंद पडते. मग बाटलीतलं पाणी आणि ओलं फडकं. फडकं पंपावर आणि नळीवर गुंडाळायचं, बॉनेट उघडं ठेवायचं, सेल्फ मारून बॅटरी संपवायची नाही. पंधरा-वीस मिनिटांत गाडी काहीच झालं नाही अशी सुरू होते.

इथेच एक फसगत होते, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. इग्निशनची कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर म्हातारा झाला की तोही गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर नीट चालतो. लक्षणं हुबेहूब तीच. म्हणून ओलं फडकं घालण्याआधी दोन मिनिटं तपासावं. एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या घशात पाहत थ्रॉटल हाताने ओढायचा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर पेट्रोल आहे, दुखणं ठिणगीचं. धार नाही आली तर वाफ धरली. प्लगची वायर काढून ठिणगी पाहायची तर पेट्रोलच्या वासापासून दूर, आणि हात कोरडे ठेवून. या तपासणीशिवाय कित्येकांनी विजेचा पंप बसवला आणि गाडी तरीही बंद पडत राहिली, कारण चूक कंडेन्सरची होती.

ब्रेकचं ऊन फारसं कोणी मोजत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणात हवेत पाणीच पाणी. तसं ओलं ऑइल उतारावर तापलं की पेडल खाली जातं. सुकेळी खिंड काही आंबेनळी घाट नव्हे, पण ड्रम ब्रेकवाल्याने दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं.

आणि चालवणारा? पद्मिनीच्या पुढच्या दारातली त्रिकोणी काच ही या गाडीची सगळ्यात शहाणी गोष्ट. ती उलटी फिरवली की चालत्या गाडीत वारा थेट छातीवर येतो. 800 ला ती नाही, पण बऱ्याच 800 ना एसी आहे. पद्मिनीला एसी नंतर बसवता येतो. मात्र कंप्रेसर चाळीसांतली तीन-चार अश्वशक्ती सहज खातो, आणि रेडिएटरसमोर एसीच्या कंडेन्सरची आणखी एक जाळी येते. ज्या खोळंब्यात एसी हवा असतो, नेमका तिथेच तो गाडीला सगळ्यात जड जातो.

मतं तीन

पहिला पक्ष मूळ रूपवाल्यांचा. त्यांचं म्हणणं : कारखान्यातून आली तशी गाडी नीट ठेवली तर ती आपल्या हवेत चालते, कारण ती आपल्याच हवेत तीसेक वर्षं चालली. बिघाड येतो तो मूळ भागांच्या जागी बाजारातले निकृष्ट भाग बसवल्यामुळे. त्यांचा दुसरा मुद्दा वेळापत्रकाचा. पेणहून सकाळी सातला निघा, रोह्यात धाटावच्या कारखान्यांतली पाळी सुरू व्हायच्या आत पोचा, परत सूर्य कलल्यावर. ही मांडणी कसोटीला उतरते, पण दुपारी दोनला आजारी माणसाला घेऊन निघायचं असेल तर वेळापत्रक बाजूला राहतं, आणि 'रोजची गाडी' या शब्दाचा अर्थच तो आहे.

दुसरा पक्ष बदल करणाऱ्यांचा. टाकीजवळ विजेचा पंप, म्हणजे पेट्रोल ओढण्याऐवजी ढकललं जातं आणि दाबाखालच्या पेट्रोलची वाफ होणं अवघड होतं, एक्झॉस्ट आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये पत्र्याचा पडदा, थर्मोस्टॅटिक स्विचवर विजेचा पंखा, डायनामोच्या जागी अल्टरनेटर, हॅलोजन दिवे. यांपैकी एकही बदल असा नाही की उद्या काढून मूळ रूप आणता येणार नाही. मला हा पक्ष सगळ्यात व्यवहारी वाटतो, पण त्यालाही शेवट नसतो. पंप झाला की इंजिन, इंजिन झालं की गिअरबॉक्स. इंजिन बदललं तर ते आरसी बुकावर चढवावं लागतं, आणि ते न करता फिरणारे अपघाताच्या वेळी विम्याच्या दारात अडकतात.

सीएनजीचा पर्याय मुंबईच्या टॅक्सींनी दाखवून दिला होता. वायूच असल्यामुळे वाफ धरण्याचा प्रश्नच उरत नाही. बदल्यात डिकी जाते आणि जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीटवर ताण येतो. सीटचा प्रश्न तसाही होताच : 2000 साली शिसं मिसळलेलं पेट्रोल देशभर बंद झालं, आणि शिशाचं संरक्षण गेल्यावर नरम सीटा झिजू लागल्या. ज्यांनी हेड उतरवून कठीण सीटा बसवून घेतल्या त्यांना आता सीएनजीचीही भीती नाही.

तिसरा पक्ष म्हणतो, कशाला हा सगळा खटाटोप? फियाट रविवारी काढा, रोज 800 वापरा, आणि तीही एमपीएफआयवाली. पंप टाकीत, पेट्रोल दाबाखाली, पंखा विजेचा; इथे वाफ धरण्याचं दुखणं जवळजवळ संपतं. सुटे भाग पेणलाच मिळतात आणि कुठलाही गॅरेजवाला हात लावतो. या युक्तिवादाला तोड नाही, एवढंच की त्यात मूळ प्रश्नाला बगल आहे. ज्याला फियाटच रोज हवी त्याला 'दुसरी घे' हे उत्तर नव्हे.

बाहेरच्या जगात या वादाचा निकाल वेगळा लागलेला दिसतो. मेक्सिकोत फोक्सवॅगनची बीटल 2003 च्या जुलैपर्यंत कारखान्यातून निघत होती आणि तिथल्या उन्हात टॅक्सी म्हणून राबत होती. तिचं इंजिन हवेवर थंड होणारं, मागे बसवलेलं. उकळायला पाणीच नाही. आपल्या वाट्याला आलेली गाडी पाण्याची, आणि ट्युरिनच्या हवेसाठी आखलेली. कुर्ल्याच्या अभियंत्यांनी ती इतकी वर्षं इथे चालती ठेवली याचं श्रेय त्यांना फारसं कोणी देत नाही.

पेट्रोल बदललं

गेल्या दोन-तीन वर्षांत वादाचा मध्यबिंदू इंजिनावरून पेट्रोलवर सरकला आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, म्हणजे ई-20, 2025 मध्ये बहुतेक पंपांवर आलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात, ई-10 साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्के कमी होईल असा अंदाज होता. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं की जुन्या गाड्यांना मोठा धोका नाही. काही रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावी लागू शकतात, आणि तो खर्च मोठा नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली.

मालकांची तक्रार ॲव्हरेजपुरती नाही. 1974 च्या गाडीतल्या पंपाचा पडदा, नळ्या, फ्लोटची सुई हे सगळं इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी केलेलं. इथेनॉल पाणी शोषतं, आणि पावसाळ्यात महिनाभर न हललेल्या टाकीत ते तळाशी उतरून गंज धरू शकतं. म्हणजे गंमत पाहा : ई-20 च्या दृष्टीने रोज चालणारी गाडी रविवारच्या गाडीपेक्षा सुखात. टाकीतलं पेट्रोल शिळं होत नाही. उन्हाच्या बाबतीत मात्र चित्र मिश्र आहे. मिश्रणाचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे गरम इंजिनाचं ठोकणं कमी होतं. पण इथेनॉल मिसळल्यावर पेट्रोलची वाफ होण्याची रीतही बदलते, आणि कार्बोरेटरवाल्यांना गरम इंजिन पुन्हा सुरू करताना ते जाणवतं. तात्पुरता शहाणपणा एवढाच की नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घालून घ्यावा. हे काम काही तासांचं आहे, आणि ते टाळलं तर गळणारी नळी गरम एक्झॉस्टजवळ असते.

कायद्याची बाजू

2021 च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली, इंजिन-सांगाड्यात मोठा फेरफार न केलेली दुचाकी-चारचाकी 'व्हीए' अक्षरांच्या पाटीवर नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की ती नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे 1970 च्या फियाटच्या मालकाने 'व्हीए' घेतली की रोज रोह्याला जाण्याचा प्रश्न संपला. त्याला गाडी रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी वाढवत राहायची, आणि ती महाग होत चालली आहे. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 झाली. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी ती 10,000 केली. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. दिल्लीसारखी वयावरून बंदी महाराष्ट्रात नाही, आणि रायगडातल्या मालकांच्या दृष्टीने ही मोठीच सवलत आहे.

फी वाढवण्यामागचं कारणही समजून घ्यायला हवं. कार्बोरेटरच्या बहुतेक गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, आणि एका जुन्या गाडीचा धूर अनेक नव्या गाड्यांएवढा असतो. एअरबॅग, चुरगळून धक्का झेलणारा पुढचा भाग, यांतलं पद्मिनीत काहीच नाही. महामार्गावर ट्रकांच्या रांगेत रोज तास-दीड तास काढणाऱ्याने याचा हिशेब उन्हाच्या आधी करावा. जुनी गाडी चालवत राहणं म्हणजे नवी गाडी बनवण्याचा खर्च आणि धूर वाचवणं, असं उत्तर मालक देतात. ते चूक नाही, पण रोजच्या वापरात ते जेवढं भक्कम दिसतं तेवढं राहत नाही, कारण किलोमीटर वाढले की धूरही वाढतो.

काय सुटलेलं नाही

पाणी, ब्रेक आणि ठिणगी यांचे प्रश्न तांत्रिकदृष्ट्या सुटलेले आहेत. हवा तो पैसा आणि हात. हात मात्र कमी होत आहेत. पॉइंटची फट फीलर गेजने लावून कानाने टायमिंग जुळवणारे मिस्त्री आता साठीच्या पुढचे, आणि त्यांच्या गॅरेजमधली पोरं स्कॅनर लावायला शिकलेली. पत्र्याचा प्रश्नही उन्हाळ्याच्या यादीत कोणी धरत नाही, पण खाडीची खारी हवा आणि कोकणचा पाऊस मिळून तळ आणि दारांचे खालचे काठ खातात, आणि एप्रिल-मे हेच ते दोन महिने जेव्हा कोरड्या पत्र्याला नीट रंग बसतो. म्हणजे गाडी रोज लागते तेव्हाच तिला गॅरेजात ठेवायची पाळी येते.

विजेवर परिवर्तन करून फियाट चालवण्याचे प्रयोग देशात होत आहेत, त्याला मान्यतेचे नियमही आहेत. इंजिनाची उष्णता जाते, पण बॅटरीलाही ऊन सोसत नाही, आणि सांगाड्याचं वजन बदलतं. मूळ रूपवाले याला फियाट म्हणायलाच तयार नाहीत. हा वाद पाच वर्षांनी पुन्हा तपासावा लागेल.

ई-20 चा कोकणातल्या दमट उन्हात कार्बोरेटरच्या जुन्या गाडीवर दीर्घकाळात काय परिणाम होतो, हा मात्र आजचा सगळ्यात मोठा उघडा प्रश्न, आणि त्यावर बोलणारे जेवढे आहेत तेवढ्या नोंदी नाहीत. 'माझी नळी सहा महिन्यांत गेली' आणि 'मला काहीच झालं नाही' ही दोन्ही वाक्यं तारखेशिवाय निरुपयोगी आहेत. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, रोहा या पट्ट्यात जुनी गाडी रोज काढणाऱ्यांना म्हणून एवढीच विनंती : हातमोजे ठेवायच्या कप्प्यात एक दोनशे पानी वही ठेवा. कुठला भाग कधी बदलला, तेव्हा मीटर किती होता, तो अस्सल होता की बाजारातला, गाडी कुठे आणि किती वाजता बंद पडली, धार आली होती की नाही, हे लिहा. आणि येत्या होळीच्या आत नळ्या बदलून घ्या.